मदत हवी आहे: मॉरिशसमध्ये जन्म जास्त, मृत्यू कमी, तरी लोकसंख्या घटली कशी?

भूगोलाच्या प्रकल्पासाठी मॉरिशसच्या २०११ आणि २०२२ च्या जनगणना ताडून पाहते आहे. एकूण आकडा साधारण १२ लाख ३७ हजारांवरून १२ लाख ३५ हजारांवर आलाय. पण मधल्या वर्षांतल्या जन्मांची बेरीज मृत्यूंपेक्षा मोठी निघते. माझं कुठे चुकतंय? शिवाय तिथल्या मराठी समाजाची संख्या कोणत्या तक्त्यातून घ्यायची? घरच्या भाषेच्या रकान्यात मराठी जवळजवळ दिसतच नाही.

प्रतिसाद १

बेरीज बरोबर असेल, स्थलांतर राहिलंय. सूत्र असं: दोन गणनांमधला फरक वजा (जन्म वजा मृत्यू) = निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले). समजा नैसर्गिक वाढ ३० हजार निघाली आणि प्रत्यक्षात २ हजारांची घट आहे, तर उत्तर उणे ३२ हजार. मात्र हे सगळे देश सोडून गेले असं लिहू नका. मोजणीतून सुटलेली माणसंही याच आकड्यात येतात, आणि लहान मुलं सुटण्याचं प्रमाण बहुतेक देशांत जास्त असतं. पडताळा असा घ्या: २०११ मध्ये १० ते १४ वयाचे जितके होते, त्यातून मृत्यू वजा करा आणि २०२२ मधल्या २१ ते २५ वयाच्यांशी जुळवा. तूट तरुण गटांत एकवटली असेल तर ते स्थलांतर. ० ते ४ वयोगट नोंदलेल्या जन्मांपेक्षा फारच कमी भरला तर मोजणीतली गळती.

जन्म-मृत्यू दिनांकानुसार कापून घ्या. दोन्ही गणना वर्षाच्या मध्यावर झाल्या, त्यामुळे पहिलं आणि शेवटचं वर्ष अर्धंच धरायचं.

प्रतिसाद २

आधी भूभाग तपासा, गोंधळ बहुधा तिथेच होतो. काही तक्ते फक्त मॉरिशस बेटाचे असतात, काहींत रॉड्रिग्ज हे त्याच देशाचं छोटं बेटही असतं. रॉड्रिग्ज ४० हजारांवरून ४३ हजारांच्या पुढे गेलं, म्हणजे घट मुख्य बेटावरच आहे. दोन्ही एकत्र मांडलं तर ही गोष्ट झाकून जाते. परदेशी कामगार धरलेत की वगळलेत तेही तळटिपेत बघा. बांगलादेश, भारत, मादागास्करहून आलेले कामगार धरले असतील तर लोकसंख्या मनोऱ्यात (वय आणि लिंगानुसार आडव्या पट्ट्यांचा आलेख) २० ते ३९ वयाच्या पुरुषांची बाजू फुगते.

मनोऱ्याचा आकार समजायला मागे जावं लागेल. १९४० च्या दशकाअखेरीस मलेरिया आटोक्यात आला, बालमृत्यू घटले, आणि १९६० च्या सुमारास दर स्त्रीमागे सरासरी सहाच्या आसपास मुलं होती. १९५७ मध्ये कुटुंब नियोजन संघटना उभी राहिली, पुढे कॅथलिक मंडळीही आपल्या पद्धतीने या कामात आली, आणि दशकभरात जननदर जवळपास निम्म्यावर आला. आता तो दीडच्याही खाली आहे, लोकसंख्या टिकायला २.१ लागतो. १९५०-६५ मधली ती मोठी पिढी आज साठीपार आहे. वृद्धापकाळाचं सार्वत्रिक निवृत्तिवेतन तिथे ६० व्या वर्षापासून मिळत आलं आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ते टप्प्याटप्प्याने ६५ वर नेण्याचं ठरलं. म्हणून अवलंबित्वाचं गुणोत्तर (कमावत्या वयाच्या लोकांमागे अवलंबून असलेले किती) ६०+ आणि ६५+ असं दोन्हींनी काढा, हा भाग प्रकल्पात सर्वांत वजनदार ठरेल.

धागाकर्ती

धन्यवाद, रॉड्रिग्ज वेगळं काढते. मराठीचं काय करू?

प्रतिसाद १

घरच्या भाषेवरून समाज मोजू नका. दहापैकी जवळपास नऊ जण घरी क्रिओल (फ्रेंचवर आधारलेली तिथली बोली) बोलतात, त्यात मराठी कुटुंबंही आली. समाजाविषयीचा थेट प्रश्न १९७२ नंतर गणनेत विचारला गेलेला नाही, आणि तेव्हाही मराठी लोक हिंदू गटातच मोजले गेले. उपलब्ध वर्षांत पूर्वजांच्या भाषेचा तक्ता घ्या. धर्माच्या तक्त्यातही मराठी, तमिळ, तेलुगु अशी वेगळी नोंद सापडते. ज्यांनी नुसतं 'हिंदू' लिहिलं ते तिथे सुटतात, म्हणून ती संख्या किमान मर्यादा म्हणूनच द्या आणि दोन्ही तक्त्यांची बेरीज करू नका. तीच माणसं दोनदा मोजली जातील.