दोन लाखांच्या छोट्या अनुदानातून बियाणे बँक: गट नोंदणीकृत नाही, अर्ज कसा बसवावा?

प्रश्न – वडवणीकर
वडवणी तालुक्यातल्या दोन गावांत ऊसतोड कुटुंबांतल्या ४० बायांचा गट आहे. रब्बी ज्वारी आणि तुरीच्या बियाण्याची बँक करायची आहे, म्हणजे पेरणीला बियाणं उसनं द्यायचं आणि पीक निघालं की परत घ्यायचं. अनुदान दोन लाखांपर्यंत, मुदत १२ महिने. गटाची नोंदणी नाही. ठराव वही आणि बँक खातं आहे. शेजारची एक नोंदणीकृत संस्था स्वतःच्या नावावर पैसे घ्यायला तयार आहे. हे चालतं का? अंदाजपत्रकात काय धरावं? बियाणं गावातल्याच शेतकऱ्यांकडून घ्यायचंय, दुकानाची पावती मिळणार नाही.

हिशोबवही
चालतं, ताई. पण पैसा देशातला की परदेशातला, हे पहिलं विचारा. २०२० च्या दुरुस्तीपासून एफसीआरएचा (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचा) पैसा एका संस्थेला दुसऱ्या कुणाच्या खात्यात टाकता येत नाही. तसा पैसा असेल तर बियाणं साठवायच्या कोठ्या संस्थेनंच घ्यायच्या, बियाण्याचे पैसेही संस्थेनंच थेट शेतकऱ्याच्या खात्यात भरायचे. अर्जात तसंच लिहा. "रक्कम गटाकडे वर्ग केली जाईल" हे एक वाक्य अर्ज बाद करायला पुरेसं आहे. देशातला पैसा असेल तर देणाऱ्याची लेखी संमती आणि संस्था-गट करार लागेल. कंपनीचा सीएसआर (समाजकार्याचा निधी) असेल तर संस्थेकडे सीएसआर-१ हा नोंदणी क्रमांक हवा, आणि तो १२ए व ८०जी या आयकर नोंदण्यांशिवाय मिळत नाही.

संस्थेकडून शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, ताजा उतारा मागून घ्या. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला असेल तर उताऱ्यावर जुनी नावं आणि अर्जावर नव्या अध्यक्षांची सही, असं होतं आणि छाननीत फाईल तिथंच थांबते. देशातला पैसा असेल तर करारात कोठ्यांची मालकी गटाची आहे हे नक्की लिहा, नाहीतर त्या संस्थेच्या डेड स्टॉकमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढतील.

बालाघाट
कागद महत्त्वाचे आहेतच, पण असे प्रस्ताव कॅलेंडरवर पडतात. तूर पेरायची जूनमध्ये, ज्वारी मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर. करार ऑगस्टमध्ये झाला तर तुरीचा हंगाम गेलेला असतो, आणि अंदाजपत्रकात तूर असल्यानं ती रक्कम अखर्चित दिसते. तेव्हा यंदाच्या पेरणीला फक्त ज्वारी धरा. तुरीचं बियाणं जानेवारीत, नव्या राशीतून घ्या; ताजंही मिळेल आणि पुढच्या जूनला तयार राहील.

दुसरी अडचण तुमच्याच भागाची. ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तेव्हा घरधनीण कारखान्यावर असते. ३१ मार्चला "किती बियाणं परत आलं" असं मोजलं तर आकडा शून्याजवळ येईल, आणि त्यात बायांचा काही दोष नसेल. परतीची तारीख अक्षय तृतीयेनंतरची ठेवा, कुटुंबं परतलेली असतात. आणि खळ्यावर राशीतून बियाणं बाजूला काढून ठेवणाऱ्या घरातल्या माणसाचं नाव आत्ताच नोंदवा. हे नाव नसलं की चांगली रास बाजारात जाते.

हिशोब असा मांडा. ज्वारी एकरी ४ किलो, ४० घरं, घरटी एक एकर: १६० किलो. तूर घरटी अर्धा एकर, एकरी ५ किलो: १०० किलो. दीडपट परत घेणार असाल तर ज्वारी पुढच्या वर्षी २४० किलो होते. कोठी १६० च्या मापानं घेतली तर दुसऱ्याच वर्षी पोती भिंतीला लागतात. प्रत्येक पिकाची कोठी वेगळी. साठवताना ओलावा ज्वारीत १२ टक्क्यांच्या आत, तुरीत ९ च्या आत. तुरीला भुंगा फार लवकर लागतो. ओलावामापक अंदाजपत्रकात जरूर धरा, तो सगळ्यात आधी कापला जातो आणि नंतर तोच आठवतो. संकरित वाण घेऊ नका, पुढच्या पिढीत टिकत नाही. ज्वारीत मालदांडी, तुरीत बदनापूरचं बीडीएन ७११ चालेल.

पावतीशिवाय नाही
दुकानाची पावती नसली तरी हरकत नाही, खरेदी व्हाउचर करा: शेतकऱ्याचं नाव, गाव, वाण, वजन, दर, सही. ५,००० च्या वर रक्कम असेल तर व्हाउचरवर एक रुपयाचं महसूल तिकीट. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख देऊ नका, संस्थेच्या ऑडिटमध्ये तो खर्च धरला जात नाही. सरळ खात्यात भरा. व्हाउचरला उगवण चाचणी जोडा: १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, ७५ च्या खाली उगवले तर ते बियाणं घ्यायचंच नाही. कोठ्यांसाठी मात्र तीन दरपत्रकं लागतील.

अजून एक. पिशव्यांवर गटाचं नाव छापून बियाणं विकू नका. आपल्या शेतातलं बियाणं ठेवायचा, देवघेव करायचा, विकायचाही हक्क शेतकऱ्याला २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं आहे, पण ब्रँड लावून विकायचा नाही.

वडवणीकर
शेवटचा हप्ता अहवालानंतर मिळणार आहे. त्यात काय ठेवू?

हिशोबवही
बियाणं आणि कोठ्या अजिबात नकोत, ते पहिल्या हप्त्यात. शेवटच्या हप्त्यात संस्थेचा ऑडिट खर्च आणि मे महिन्यातल्या परतीच्या बैठका ठेवा. तो हप्ता दोन महिने लांबला तरी पेरणी अडत नाही.