दिव्यांग चालकांना पार्किंग शुल्क माफ असतं का?

हँडकंट्रोलवाला: कारला हँड कंट्रोल (ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालवायची सोय) बसवले आहेत, यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. सार्वजनिक पार्किंगमध्ये तरीही पैसे द्यावे लागतात का? आरसीवर काय नोंद लागते?

नियमपुस्तक: देशभर सरसकट शुल्कमाफी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४१ बसस्थानक, रेल्वे स्थानक आणि विमानतळावर सुगम पार्किंगची सोय मागतं, फुकट पार्किंग नव्हे. दर आणि सवलत ठरवते महापालिका किंवा जागेचा मालक. गेटवरच्या पोराशी हुज्जत घालून उपयोग नाही, त्याच्या हातात फक्त पावतीपुस्तक असतं. ठेक्याच्या करारातल्या सवलतीच्या अटी माहिती अधिकारात मागवा आणि त्याची प्रत गाडीत ठेवा.

आरटीओ_खिडकी: आरसीवर मालकीचा प्रकार ‘दिव्यांगजन’ असा हवा. २०२० मध्ये फॉर्म २० (वाहन नोंदणीचा अर्ज) बदलून ही सोय झाली. गाडीत केलेला बदलही आरसीवर चढवून घ्या. आणि टोलमाफीचा फास्टॅग म्हणजे पार्किंगमाफी नाही, इथे बरेच जण फसतात.

साडेतीन_मीटर: पैशांपेक्षा जागेचं बघा हो! राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राखीव जागा किमान ३.६ मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत हवी. नेहमीच्या अडीच मीटरमध्ये दार पूर्ण उघडत नाही, मग व्हीलचेअर लावणार कुठे? बऱ्याचदा चिन्ह रंगवतात, पण रुंदी तीच ठेवतात, नाहीतर बाजूच्या पट्ट्यात दुचाक्या घुसतात. तक्रारीत टेपने मोजलेली रुंदी आणि फोटो द्या.

हँडकंट्रोलवाला: म्हणजे आधी आरसी. आभार.