स्पायडरमॅनचे काका कितीदा मारणार? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-१०४: सिनेमावाले कोणी जागे आहेत का? लेकाला स्पायडरमॅन बघायचाय. मी शोधायला गेले तर तीन वेगवेगळे हीरो, ढीगभर सिनेमे, आणि दर वेळी त्याला कोळी नव्याने चावतोय. सुरुवात कुठून करू? तिसरीत आहे, फार भीतीदायक नको.

सेक्रेटरी: हा ग्रुप मेंटेनन्स व सूचनांसाठी आहे. कृपया नोंद घ्यावी.

बी-२०५: अहो रोज सकाळी गुड मॉर्निंगची फुलं येतात तेव्हा नोंद कुठे जाते? चालू दे गं तुझं.

बी-७०२: ताई हा विषय तुम्ही काढलात, आता मला थांबवू नका. तर बघा, पहिला टोबी मॅग्वायर, २००२, सॅम रेमीचा. कोळी चावतो, काका मरतात, पोरगा शहाणा होतो. त्याचे तीन भाग झाले, शेवटचा २००७. चौथ्याची तारीखसुद्धा जाहीर झालेली, मे २०११, पण स्क्रिप्ट काही जमेना, मग जानेवारी २०१० मध्ये सगळं गुंडाळलं आणि स्टुडिओने सांगून टाकलं की आता पाटी कोरी, नवा हीरो नवा डायरेक्टर. तो आला जुलै २०१२ ला. म्हणजे आधीचा थिएटरातून जाऊन पाच वर्षं होतायत तोवर पुन्हा तोच पोरगा, तोच कोळी, आणि पुन्हा तेच काका मेले.

ए-१०४: पण का?? एवढी घाई कसली?

बी-७०२: पैसा हो. सोनीकडे स्पायडरमॅनच्या सिनेमांचे हक्क आहेत, पण ते कायमचे खिशात नाहीत, ठराविक मुदतीत पुढचा सिनेमा काढला नाही तर ते मार्व्हलकडे, म्हणजे मूळ कॉमिकवाल्या कंपनीकडे, परत जातात. मग गोष्ट सुचो न सुचो, सिनेमा काढावाच लागतो. त्यात उन्हाळा म्हणजे यांचा सीझन. १९७५ च्या जूनमध्ये तो शार्कवाला जॉज आला, दोन वर्षांनी मे महिन्यात स्टार वॉर्स, तेव्हापासून अमेरिकन स्टुडिओवाल्यांचं गणितच ठरलंय की शाळा सुटल्या की मोठा सिनेमा सोडायचा, आणि ज्याचं नाव आधीच सगळ्यांना माहितीये त्यावर पैसे लावणं सोपं.

ए-६०३: दादा एक मिनिट, २०१२ वाल्याला नावं ठेवायची नाहीत. अँड्र्यू गारफिल्ड बेस्ट आहे. विषय संपला 🔥

बी-७०२: अगं मी त्याला कुठे नावं ठेवतोय! तो आणि एमा स्टोन समोरासमोर आले की सिनेमा एकदम जिवंत होतो, डायरेक्टर मार्क वेब आधी प्रेमकथा करून आलेला ना, ते दिसतं. दोघं कॉरिडॉरमध्ये उभं राहून नुसते अडखळतायत, वाक्य धड पूर्ण करत नाहीयेत, आणि आपण हसतोय. जाळं पण मूळ कॉमिकसारखं मनगटावरच्या यंत्रातून, रेमीच्या सिनेमात ते अंगातूनच यायचं. म्हणजे नवं करण्यासारखं होतं त्यांच्याकडे. आणि तरीही अर्धा वेळ कशात घालवला, तर जे सगळ्या थिएटरला पाठ आहे ते परत सांगण्यात. पोस्टरवर मिरवलं काय तर 'न सांगितलेली गोष्ट', आईवडिलांचं रहस्य वगैरे, ते सिनेमातच मध्ये कुठेतरी सोडून दिलं. नट बदलला याचा मला राग नाहीये, खुशाल बदला. दर नव्या नटाबरोबर पहिला धडा परत शिकवायला घेतात त्याचा आहे.

सी-३०१: मला यातलं कोळी-बिळी कळत नाही, पण एक विचारतो. तुम्ही लोक 'रिबूट रिबूट', म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, म्हणून एवढे वैतागता, आमच्या रॉक म्युझिकलला, म्हणजे रॉक गाण्यांच्या नाटकांना, हे कधीच कोणी म्हणत नाही. जीझस क्राइस्ट सुपरस्टार घ्या. १९७० ला आधी रेकॉर्ड आली, १९७१ ला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या थिएटरांत, नाटक, १९७३ ला सिनेमा, आणि त्यानंतर किती संच येऊन गेले याला गणती नाही. शेवटी काय होणार ते सगळ्या जगाला माहीत आहे! तरी लोक तिकीट काढतात, कारण यावेळचा ज्यूडस, तो जीझसला दगा देणारा, कसा गातो ते ऐकायचं असतं. नवा नट आला की उत्सुकता वाढते, कमी होत नाही.

बी-७०२: काका, हा मुद्दा भारी आहे. थांबा, नीट उत्तर देतो.

बी-२०५: आली आता मोठी पोस्ट.

बी-७०२: काका, फरक असा की तिथे जे परत येतं ते गाणं असतं. गाणं परत ऐकायलाच तर आपण गेलेलो असतो. स्पायडरमॅनच्या काकांच्या मरणाला आजवर कोणी वन्स मोअर दिलाय का? ती गोष्टीतली माहिती झाली, एकदा कळली की कळली. सुपरहीरोमध्ये गाण्याच्या जागी काय असतं, तर तो नट तो पोशाख घालून वागतो कसा, बोलतो कसा, घाबरतो कसा, ते. ते मी दहा वेळा बघीन. म्हणून ज्यांनी माहिती झटपट उरकली त्यांचे रिबूट पचतात. हल्क बघा, २००३ ला अँग ली ने केला, पाचच वर्षांनी २००८ ला परत नवा, पण त्यांनी तो हल्क कसा झाला हे सगळं टायटल्समध्येच दाखवून टाकलं, नावं संपली आणि गोष्ट सुरू. सिनेमा काही थोर नाही, पण ही अक्कल मात्र होती.

सी-३०१: आणि बॅटमॅन? त्यात तर लहानपणापासून सांगितलंय, तरी तुम्हा मंडळींना तो आवडतो.

बी-७०२: २००५ चा ना, नोलनचा. तिथे आधीचा १९९७ चा इतका फसलेला की पाटी पुसणं भागच होतं. आणि मुख्य म्हणजे पोरगा अनाथ झाला इथपासून तो वटवाघूळ झाला इथपर्यंत मधली वर्षं कशी गेली हे आधीच्या सिनेमांनी धड दाखवलंच नव्हतं. म्हणजे सांगायला खरंच काहीतरी शिल्लक होतं. त्यानंतर मात्र २०१६ ला परत आईवडिलांच्या खुनाची तीच गल्ली, परत पिस्तूल, परत आईच्या गळ्यातली मोत्यांची माळ तुटली. २०१९ ला जोकरच्या सिनेमात पुन्हा तेच मोती! २०२२ च्या पॅटिन्सनवाल्याने ते दाखवलंच नाही, मी मनातून आभार मानले.

ए-६०३: २०२५ चा सुपरमॅन पण! सुरुवातीला नुसत्या चार ओळी आणि लगेच दिसतं काय तर हा हरून बर्फात पडलाय आणि कुत्रा येऊन ओढतोय 😂 त्याचा ग्रह क्रिप्टन फुटताना दाखवतच नाहीत.

बी-७०२: अगदी. आणि त्याच महिन्यात दोन आठवड्यांनी फॅन्टास्टिक फोर आला, त्याचीही तीच युक्ती, चौघांना शक्ती येऊन चार वर्षं झालीयेत आणि एका टीव्ही कार्यक्रमात सगळा इतिहास उरकतात. २००५ आणि २०१५ या दोन्ही वेळी तोच अपघात सविस्तर बघून झालेला, त्यातला २०१५ चा तर शक्ती येईपर्यंत माणसाचा जीव जातो. स्टुडिओला हे शिकायला वीस वर्षं लागली.

ए-१०४: दादा सगळं छान पण माझं उत्तर??

बी-७०२: हो हो सॉरी. २०१८ चा अॅनिमेशनवाला लावा, स्पायडर-व्हर्स. त्यात एक नाही अर्धा डझन स्पायडरमॅन आहेत आणि जो येतो तो आपली कर्मकहाणी धाडधाड सांगून मोकळा होतो, म्हणजे या सगळ्या प्रकाराचीच त्यांनी खिल्ली उडवलीये. ऑस्कर पण मिळालं. दोन-तीन ठिकाणी कोणीतरी मरतं, तेवढं सोबत बसा. मग टॉम हॉलंडचे. तो २०१६ ला दुसऱ्या सुपरहीरोंच्याच भांडणात थेट पोशाखासकट हजर झाला, कोळी नाही काका नाही. पण २०२१ चा मात्र आधीचे बघितल्याशिवाय नको, त्यात तिघे एकत्र येतात आणि गारफिल्डवाला जेव्हा त्या मुलीला झेलतो ना, कारण २०१४ मध्ये त्याची

ए-६०३: दादा स्पॉइलर!!! ताईंनी बघितला नाहीये!!!

बी-७०२: थांबलो.

ए-१०४: अर्धवट कळलंच मला 🙄 पण थँक्यू, अॅनिमेशनवाला लावते.

सी-३०१: आता माझ्या विषयाकडे या. २०१२ च्याच उन्हाळ्यात रॉक ऑफ एजेस पण आला होता. तुमच्या कोळ्याच्या आधी जेमतेम तीन आठवडे. मोठ्या आशेने बघितला आणि डोकं धरलं. टॉम क्रूझ रॉकस्टार झालाय, स्वतः गायलाय, आणि नवल म्हणजे बरा गायलाय. शर्ट नाही, डोळ्यांत झोप, बाजूला माकड. बाकी दोन कोवळी पोरं हीरो-हिरॉईन, त्यांच्या आवाजाला इतकी इस्त्री मारलीये की १९८७ चा रॉक बार आहे असं म्हणतात आणि ऐकू येतं दंतमंजनाच्या जाहिरातीसारखं.

बी-७०२: काका 😂 पण शंभर टक्के खरं. ब्रॉडवेवर तेच नाटक २००९ पासून जोरात चाललेलं, कारण तिथे ते स्वतःच्याच फालतूपणावर हसतं, लॉनी नावाचा एक पात्र प्रेक्षकांशी थेट गप्पा मारत गोष्ट सांगतो. सिनेमात लॉनी आहे पण तो वात्रट निवेदक गेला. वर नाटकात नसलेली एक नैतिकतावाली बाई आणून बसवली, कॅथरीन झेटा-जोन्सला, बार बंद करायला. म्हणजे रॉकला विरोध दाखवायला माणूस आणला आणि रॉकच गुळगुळीत करून ठेवला. पडलाच सिनेमा.

सी-३०१: सिनेमावाल्यांना रॉकची भीती वाटते, दुसरं काही नाही. १९७५ चा टॉमी बघा, केन रसेलचा, द हू या बँडच्या रेकॉर्डवरून. अर्ध्याहून अधिक सिनेमा वेडेपणा आहे. एल्टन जॉन माणसाएवढ्या उंच बुटांवर उभा राहून गातो. चांगला आहे का? नाही सांगता येत. पण कंटाळा? नाव नाही! त्याच वर्षी रॉकी हॉरर आला, आधी साफ आपटला, मग न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि लोक नटून थटून येऊन पडद्याला उलट उत्तरं द्यायला लागले, ते आजतागायत चालू आहे. त्यात तरी कुठे इस्त्री होती?

बी-२०५: मला ग्रीस आवडतो. बोला आता.

सी-३०१: वहिनी, तो आवडण्यासारखाच आहे, पण त्याला रॉक म्हणताना माझी जीभ अडखळते.

बी-२०५: अडखळू दे. १९७८ पासून लोक गाणी म्हणतायत त्यातली, तुमच्या बुटांवरच्या माणसाला कोण विचारतंय.

ए-६०३: काकू रॉक्स 😎

बी-७०२: काका, आता रेंट या रॉक म्युझिकलचं सांगतो, ते तुमच्या आणि माझ्या दोघांच्याही मुद्द्यात बसतं. जोनाथन लार्सनने लिहिलं, आणि १९९६ च्या जानेवारीत पहिल्या प्रिव्ह्यूच्याच, म्हणजे उद्घाटनाआधीच्या प्रयोगाच्याच, दिवशी पहाटे तो गेला, पस्तिशीत. नाटक ब्रॉडवेवर गेलं, पुलित्झर मिळालं, डोक्यावर घेतलं लोकांनी. सिनेमा आला २००५ ला. आणि त्यात आठातले सहा मुख्य नट मूळ संचातलेच घेतले, प्रेमापोटी, निष्ठेपोटी, जे म्हणाल ते. पण गोष्ट आहे कफल्लक पोरांची, भाडं द्यायला पैसे नाहीत, उद्याचा भरवसा नाही. पडद्यावर तिशी ओलांडलेली माणसं तेच गातायत. आवाज अजून मस्त, पण कॅमेरा जवळ जातो ना, रंगमंचावर झाकलं जातं ते तिथे दिसतं. सुपरहीरोवाले नट बदलतात म्हणून लोक ओरडतात, इथे नट बदलले नाहीत आणि तेच नडलं.

सी-३०१: हे मला पटलं नाही. त्या लोकांनी ती गाणी घडवली होती, लेखक गेल्यावर ती सांभाळली होती. दुसऱ्या कोणी गायली असती तर सुंदर झाली असती, खरी झाली नसती.

बी-७०२: काका मघाशी तुम्हीच म्हणालात, नवा ज्यूडस आला की उत्सुकता वाढते!

सी-३०१: ते रंगमंचावर. सिनेमा एकदाच होतो.

ए-६०३: एकदाच?? काका स्पायडरमॅनला सांगा हे.

बी-७०२: 😂😂 बरं, सुपरहीरो आणि रॉक म्युझिकल दोन्ही एकाच भांड्यात घातल्यावर काय होतं ते माहितीये का कोणाला? स्पायडरमॅनचंच ब्रॉडवे नाटक, टर्न ऑफ द डार्क. संगीत बोनो आणि द एजचं, म्हणजे साक्षात यू-टू बँडवाले, दिग्दर्शन लायन किंगवाल्या ज्युली टेमोरचं. खर्च साडेसात कोटी डॉलरच्या घरात, ब्रॉडवेवर तोवर एवढा कोणी केलाच नव्हता. नट तारांवरून प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडायचे, मध्येच अडकायचे, काही जण जबर जखमी झाले. नोव्हेंबर २०१० ला प्रिव्ह्यू सुरू, आणि अधिकृत उद्घाटन कधी तर जून २०११! १८२ प्रिव्ह्यू. मध्ये मार्चमध्ये टेमोरबाईंना बाजूला केलं, नवा दिग्दर्शक आणला, काही आठवडे नाटक बंद ठेवून गोष्ट नव्याने लिहिली. म्हणजे उद्घाटनाच्या आधीच रिबूट! जानेवारी २०१४ ला बंद पडलं, हजारावर प्रयोग होऊनही तोट्यात.

सी-३०१: त्यातली गाणी ऐकली आहेत मी. यू-टू आहे म्हणून ऐकली. एकही परत ऐकावंसं वाटलं नाही.

बी-७०२: तेच ना! लोक यंत्रं बघायला, कोणी पडतंय का बघायला जात होते. वन्स मोअर द्यावा असं गाणंच नव्हतं, आणि गोष्ट तीच, कोळी आणि काका.

ए-६०३: मग गारफिल्डने दोन्ही केलं हे कोणीच का सांगत नाहीये?? टिक टिक बूम!! २०२१, त्यात तो तुमचा लार्सनच झालाय! आधी गायक नव्हता, या रोलसाठी गाणं शिकला, ऑस्कर नॉमिनेशन पण मिळालं.

सी-३०१: हा कोळीवाला पोरगा??

बी-७०२: तोच. लिन-मॅन्युएल मिरांडाने केलाय, त्याचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच. आणि काका त्याच्या आवाजाला इस्त्री नाहीये, दम लागतो तो ऐकू येतो, सूर कुठे कुठे खरखरतो तोही ठेवलाय. मला तर वाटतं २०१२ ला त्या कॉरिडॉरमध्ये जो अडखळत होता ना तोच इथे गातोय. तेव्हा त्याला कोणीतरी कोळ्यातून लवकर सोडवून असंच काहीतरी करायला द्यायला हवं होतं.

सी-३०१: बघतो. पण रेंटबद्दल मी मागे हटलेलो नाही.

बी-७०२: मी पण नाही. आधी बघा, मग भांडू.

सेक्रेटरी: मंडळी, उद्या ए विंगच्या लिफ्टचं सर्व्हिसिंग आहे, दुपारपर्यंत लिफ्ट बंद. वर कुठेतरी टाकलं होतं, कोणी वाचलं नसेल. आणि ते रॉकी हॉररचं काका म्हणाले तसे खेळ मी कॉलेजात असताना बघितलेत, सविस्तर नंतर लिहितो.

बी-२०५: सेक्रेटरी तुम्ही?? नटून थटून???