बाटलीतून काढलेली केळीची रोपं वाळून राहिली, पाणी तर भरपूर आहे!

केळीवाला, तालुका अकोट:
राम राम मंडळी. ग्रँड नैन जातीच्या केळीची 400 टिश्यू कल्चर रोपं लॅबमधून बाटलीतच आणली, हार्डनिंग, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय लावणं, घरी करू म्हटलं. मुळ्या पांढऱ्याशुभ्र, पानं पोपटी. जेली धुऊन कोकोपीटच्या ट्रेत लावली, शेडनेटखाली ठेवली, दिवसातून तीनदा झारीनं पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पानं सुतळीसारखी वळली. दीडशेच्या वर गेली. कोकोपीट मुठीत दाबलं तर पाणी निघते, मग रोप तहानलेलं कसं? काल बाटलीतल्या रोपाचं एक पान अन् बांधावरच्या केळीच्या पिलाचं एक पान तोडून सावलीत बाजेवर ठेवलं. चहा होईस्तोवर बाटलीतलं मलूल, पिलाचं जसंच्या तसं.

लॅबवाली ताई, अमरावती:
दादा, बाजेवर तुम्ही नेमकं तेच पाहिलं. मी नऊ वर्षं याच कामात आहे. बंद बाटलीत हवा ओलीचिंब असते, म्हणून पानावर मेणाचा थर जेमतेम धरतो आणि पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, नीट मिटत नाहीत. बाहेर आल्यावर पानातून पाणी उडतच राहतं, मुळं पुरी पडत नाहीत.

दुसरं, जेवणाचं. बाटलीतल्या जेलीत, म्हणजे माध्यमात, लिटरला 30 ग्रॅम साखर असते, रोप तिच्यावरच पोसतं. दिवे लागले की पानं बाटलीतला कार्बन डायऑक्साइड थोड्याच वेळात ओढून घेतात. बाहेरच्या हवेत तो 420 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 420 भाग) आसपास, आत 100 च्याही खाली येतो. पुढे दिवसभर दिवे जळतात, पण प्रकाशसंश्लेषण जवळपास थांबलेलं. पान हिरवं असलं तरी स्वतःचं अन्न करायची त्याला सवय नसते. आणि तुम्ही साखर, ओलावा दोन्ही एका दिवसात काढून घेतले, वर आपल्याकडचं हे ऊन!

आजच बांबूच्या कामट्या वाकवून ट्रेवर पॉलिथिन टाका, वर शेडनेट दुहेरी करा. त्या पॉलिथिनवर थेट ऊन पडू देऊ नका, आत रोपं शिजतील. झारी बंद, पंपानं बारीक तुषार मारा. आठ-दहा दिवसांनी सकाळ-संध्याकाळ कड उचला, रोज थोडा जास्त वेळ. जुनी पानं गेली तर जाऊ द्या, बाहेरच्या हवेत फुटलेल्या पानावर लक्ष ठेवा.

केळीवाला:
मग लॅबवाले साखर कमी कायले नाही करत?

लॅबवाली ताई:
होतं तसंही. जपानच्या चिबा विद्यापीठातल्या तोयोकी कोझाई यांनी साखरेविना रोपं वाढवून दाखवली: झाकणाला हवा खेळवणारी गाळणी, जादा कार्बन डायऑक्साइड, जादा उजेड. आम्ही नुसत्या गाळणीच्या झाकणांची एक खेप केली होती. पानं हाताला जाड लागायची, बाहेर तगलीही चांगली. पण झाकणं महाग पडली, म्हणून मालकांनी थांबवलं. मला अजून वाईट वाटतं.

केळीवाला:
ताई, नववा दिवस. 214 जिवंत आहेत. आज सकाळी पॉलिथिन उचललं तर एका रोपाच्या मधोमध नव्या पानाचा पोंगा, करंगळीच्या नखाएवढा. बायकोले हाक मारून दाखवला.