मदत हवी आहे: ‘अंतरा’च्या पुढच्या तारखेची आठवण एसएमएसने कशी द्यावी?

धडगाव तालुक्यातल्या दोन उपकेंद्रांत ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्या बायकांना तीन महिन्यांनी आठवण द्यायची आहे. फोन बहुतेक बटनाचे, घरात एकच, तोही नवऱ्याकडे. मराठी मेसेज कधी तुटक येतात, कधी येतच नाहीत. मजकूर काय असावा आणि कधी पाठवावा?

प्रतिसाद १
न येणाऱ्यांचं आधी बघा. डीएलटीवर (घाऊक एसएमएसचा मजकूर आधी नोंदवायची व्यवस्था) मंजूर टेम्प्लेटपेक्षा एक शब्द वेगळा गेला तरी मेसेज अडतो. तारीख तेवढी बदलती ठेवा, बाकी मजकुराला हात लावू नका. तुटक येण्याचं कारण लांबी. देवनागरीत एका मेसेजमध्ये ७० खुणा मावतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे सुटे मोजले जातात, ‘केंद्रात’ एवढ्या शब्दालाच ८ लागतात. त्यापुढे तुकडे पडतात आणि जुन्या हँडसेटवर ते जुळत नाहीत. हा मजकूर ४१ खुणांत बसतो:

‘ताई, १५ मार्चला उपकेंद्रात कार्ड घेऊन या.’

इंजेक्शनचं नाव मुद्दाम नाही. मेसेज घरातलं कुणीही वाचेल असं धरूनच लिहायचं. कार्ड कोणतं ते नंबर घेतानाच तिला सांगून ठेवा. फोन कुणाकडे असतो, मेसेज आला तर चालेल का, हेही तेव्हाच विचारा. नको म्हणाली तर नंबर यादीत घालूच नका.

प्रतिसाद २
इंजेक्शन ठरल्या तारखेच्या १४ दिवस आधीपासून २८ दिवस नंतरपर्यंत देता येतं. म्हणून पहिला मेसेज ७ दिवस आधी, दुसरा आदल्या संध्याकाळी. तारीख उलटून आठवडा झाला की तिसरा मेसेज नको, आशाताईंच्या हातात नावांची यादी द्या. २८ दिवस उलटले तर गर्भ राहिलेला नाही याची खात्री करूनच पुढचं इंजेक्शन.

‘डिलिव्हर्ड’वर विसंबू नका. दिवाळीनंतर नवरा ऊसतोडीला गेला की फोन त्याच्या खिशात जातो. मेसेज पोचतो, पण फडावर.

आणि पाळी अनियमित झाली किंवा बंद झाली म्हणून घाबरून थांबलेली बाई आठवणीच्या मेसेजने परत येत नाही. तिच्याशी पहिल्या इंजेक्शनच्या वेळीच नीट बोलायला हवं. वाचता येत नसेल तर तिने मिस्ड कॉल द्यावा, उलट फोन पावरी (इथली आदिवासी बोली) बोलणाऱ्या ताईंनी करावा.

धागाकर्ती
आभार. ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीलाही हेच चालेल?

प्रतिसाद २
नाही. पहिले ३ महिने आठवड्यातून २ गोळ्या, मग १. तिथे तारखेऐवजी वार घाला. चौथ्या महिन्यात दुसरा वार यादीतून काढा, नाहीतर आठवण जात राहते आणि ती दोन गोळ्या घेत राहते.