गाड्या नसलेल्या रस्त्यावरची सायकल: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, जंगलातून किंवा नदीच्या काठाकाठाने, जिथे मोटारगाड्यांना बंदी आहे किंवा त्या तशाही येत नाहीत, अशा रस्त्यावर तुमच्यापैकी कोणी कोणी सायकल चालवलीय? किती किमी मारले आणि ॲव्हरेज किती पडला ते नको, त्यासाठी ॲप आहेत. काय ऐकलं, काय फजिती झाली, परत जाल का, ते लिहा.

सुरुवात मीच करतो. पहिल्यांदा अशा रस्त्याला लागलो तेव्हा दहा मिनिटांत कळलं की माझी सायकल वाजतेय. बारीक टिक, टिक, टिक. इतकी वर्षं हमरस्त्यावर चालवली, कधी ऐकू आलं नव्हतं. थांबलो, पेडल बघितले, बॉटलचा स्टँड आवळला, चेनला तेल सोडलं, परत निघालो की टिक, टिक. चाळीस किमी ना झाडं बघितली ना पाणी, नुसता सायकलवर चिडलेलो. शेवटी संध्याकाळी कळलं, आवाज चेनचाच होता पण जॅकेटच्या चेनचा, तिचं टोक गुडघा वर आला की हँडलबारच्या बॅगेवर आपटत होतं. असो. लिहा आता.

* * *

हाहा, जॅकेटची चेन! माझं थोडं लांबणार आहे, आधीच सांगतो.

अमेरिकेत पिट्सबर्गपासून कंबरलंडपर्यंत ग्रेट ॲलेगेनी पॅसेज आहे, साधारण २४० किमी, जुन्या रेल्वेमार्गावर केलेला. तिथून पुढे पार वॉशिंग्टनपर्यंत सीअँडओ, म्हणजे चेसापीक अँड ओहायो, कालव्याचा काठ, अजून २९७ किमी. सलग केलं तर आठवडा निवांत जातो आणि मोटारी फक्त क्रॉसिंगला भेटतात. रेल्वेच्या रस्त्याची गंमत अशी की वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे म्हणून डोंगर कापून, पूल बांधून, बोगदे पाडून चढ एक-दोन टक्क्यांच्या आत ठेवलाय. ऐकायला छान वाटतं ना? पण पिट्सबर्गकडून निघालात तर ७२९ मीटरच्या माथ्यापर्यंत चढ इतका सौम्य आहे की तो चढ आहे हे डोळ्यांना दिसतच नाही, फक्त पायांना कळतं. दोन दिवस मला वाटत होतं आपण आजारी पडतोय. ब्रेक घासतोय का हे मी तीनदा तपासलं! माथा ओलांडला की कंबरलंडपर्यंत ३८ किमी उतार, तिथे सगळं वसूल.

कालव्याचा काठ मात्र वेगळंच प्रकरण. तिथे एकेकाळी खेचरं चालायची, दोर लावून बोटी ओढत. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक बंद पडली ती पडलीच. माती आहे, पाऊस पडला की चिखल, आणि मला दीड दिवस पाऊस लागला, मडगार्डमध्ये चिखल आणि पानं अशी थापली गेली की चाक फिरेना, काडीने खरवडत बसलेलो. एक ९५० मीटरचा बोगदाही लागतो, पॉ पॉ नावाचा, आत मिट्ट काळोख, एका बाजूला पाणी, सायकल हातात धरून चालायचं. टॉर्च न्या. मोबाईलच्या उजेडावर विसंबू नका, मी विसंबलो होतो.

आणि हे सगळं डांबराखाली जाणार होतं बरं का. १९५० च्या दशकात तिथे मोटाररस्ता करायचा बेत होता, वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेखात पाठिंबाही दिलेला. तेव्हा सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आव्हान दिलं की माझ्याबरोबर चालून बघा आणि मग ठरवा. १९५४ च्या मार्चमध्ये ते पूर्ण अंतर चालले. रस्ता झाला नाही, १९७१ मध्ये नॅशनल पार्क झालं. चिखल खरवडताना मला हे माहीत असतं तर बहुतेक कमी शिव्या घातल्या असत्या.

* * *

गाड्या येऊ नयेत म्हणून रस्त्याच्या तोंडाशी जे खांब रोवतात ना, त्यातल्या मधल्या खांबावर मी सरळ जाऊन आदळलो. पुढच्याच्या मागे चिकटून चालवत होतो, तो अलगद बाजूने गेला. मनगट, सहा आठवडे. गाड्या नव्हत्याच, खांब होता.

* * *

मी जरा उलटं लिहिते, राग मानू नका. सगळे शांततेचं कौतुक करताय पण मी एकटी चालवते आणि मला दाट जंगलातला रिकामा रस्ता आवडत नाही. मोटारींच्या रस्त्यावर भीती असते ती मागून येणाऱ्या ट्रकची, ती तरी ऐकू येते. जंगलात तासभर कोणी नाही आणि मग वळणावर एकटाच माणूस उभा, बिचारा फिरायलाच आलेला असतो पण माझी छाती पुढचे पाच किमी धडधडत राहते.

म्हणून मी नदी निवडते. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीकाठी गेले होते, सव्वातीनशे किमीच्या आसपास, बरंचसं अंतर दोन्ही काठांना रस्ता आहे, पाणी जातं त्या दिशेने गेलं तर वाराही बहुतेक वेळा पाठीशी. तिथे माणसं असतात, आजी-आजोबा, पोरंबाळं, सगळे सायकलवर. श्लोगेनजवळ नदी गर्रकन उलट वळते, तिथे डाव्या काठाला थोडं अंतर रस्ताच नाही, छोट्या बोटीत सायकल घालून पुढे जायचं. बोटीत शेजारच्या बाईंची आणि माझी भाषा एक नव्हती, तरी आम्ही एकमेकींच्या सीट बघून कुठे दुखतंय ते व्यवस्थित बोललो. मला शांतता हवी पण माणसांसकट.

* * *

मी टँडेमवर, म्हणजे दोघांनी चालवायच्या सायकलवर, मागे बसतो. मला दिसत नाही. पुढे माझा भाऊ असतो, हँडल, ब्रेक, गिअर सगळं त्याच्याकडे, माझ्याकडे फक्त पाय आणि कान.

मोटारींच्या रस्त्यावर तो अखंड बोलत असतो, खड्डा, बस, थांबतोय, उजवीकडे, परत बस. मला जगाची माहिती मिळते ती एवढीच. पहिल्यांदा नदीकाठच्या बंद रस्त्यावर गेलो तर तासभर तो बोललाच नाही. मी विचारलं, रागावलास का रे? म्हणाला, नाही रे, सांगण्यासारखं समोरून काही येतच नाहीये.

तेव्हापासून मी ऐकायला लागलो. झाडी दाट झाली की आमच्याच टायरचा आवाज दोन्हीकडून परत येतो, उघड्यावर आलो की तो नुसता निघून जातो. सूचिपर्णी झाडांखाली सुया साचलेल्या असतात, तिथे टायर एकदम मुके होतात. लाकडी पुलाच्या फळ्या मोजता येतात. ओढा आधी गालाला लागतो, गार, मग कानाला. आणि एक गोष्ट डोळस लोकांना सांगून खरी वाटत नाही, मोठी नदी वाजत नाही. छोटे ओढेच बडबड करतात. रुंद नदी शेजारून चाललीय हे मला कळतं ते पलीकडचा पक्षी फार लांबून ओरडला की.

वेग वीसच्या वर गेला की कानात वारा भरतो आणि हे सगळं पुसलं जातं. म्हणून मी मागून पाय ढिले सोडतो. भावाला वाटतं मी दमलो.

* * *

टँडेमवाले दादा, भावाला आता कळणार हो तुमचं गुपित!

रस्ता चुकणाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्यासाठी, बेल्जियममधल्या लिम्बुर्गसारखी सोय कुठेच नाही. सायकलरस्त्यांच्या चौकाचौकाला नंबर. १९९५ मध्ये सुरू झालं, कल्पना एका खाण इंजिनिअरची. सकाळी कागदावर पाच-सहा नंबर लिहायचे, हँडलवर चिकटवायचे, फोन बॅगेत. तिथेच एका तळ्यात २१२ मीटरचा रस्ता पाण्याच्या पातळीखालून नेलाय, दोन्हीकडे पाणी जवळजवळ डोळ्यांच्या उंचीला, हंस तुमच्याकडे वरून बघतो. मी तरीही चुकले. ६ आणि ९.

* * *

धागाकर्ता परत. टायरबद्दल दोघांनी विचारलंय: बारीक खडीला ३५ मिमीच्या पुढचे, हवा थोडी कमी. ओल्या लाकडी पुलावर वळू नका, ब्रेक आधीच मारा. बाकी मी परवा त्याच रस्त्याला जाऊन आलो, जॅकेट घरी ठेवून. परत टिक, टिक. या वेळेस सुतारपक्षी होता, तरी मी उतरून आधी पेडल बघितले.