महागडी माणसं काढण्याचा हिशोब
खर्च वाचवायला दुकानांनी जुने, जास्त पगाराचे विक्रेते कमी करून कमी पगारावर नवी भरती करावी, असं सुचवलं जातं. हा मुद्दा कागदावर बिनचूक दिसतो. अमेरिकेतल्या सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या साखळीनं २००७ मध्ये नेमकं हेच केलं. दुकानांतले ३,४०० कर्मचारी काढले. कामात खोट होती म्हणून नव्हे, तर पगार बाजारभावापेक्षा जास्त म्हणून! वर दहा आठवड्यांनी कमी पगारावर पुन्हा अर्ज करायची मुभा. (मुभा कसली, चेष्टाच.) टीव्ही घेताना गिऱ्हाईक शंभर शंका काढतं; त्यांची उत्तरं देणारेच गेले. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, २००९ मध्ये दुकानं बंद. मंदी आणि बेस्ट बाय या प्रतिस्पर्धी साखळीची स्पर्धा होतीच, सगळं खापर कपातीवर फोडता येणार नाही. किराणा मालात हा हिशोब एक वेळ जमेल, इलेक्ट्रॉनिक्समध्ये मला तरी पटत नाही.